चारशेवर अडकलेला लॅपटॉप

सकाळी ९.४०

तपकीर गल्लीत शटर वर जाऊ लागलेत. पुण्याच्या बुधवार पेठेतली ही विजेच्या सामानाची गल्ली. वायरची भेंडोळी, एलईडीच्या पट्ट्या, चार्जरचे गठ्ठे दुकानातून पायरीवर येतात आणि पायरीवरून रस्त्यावर. माल उतरवणारा टेम्पो आडवा उभा आहे. त्याच्यामागे दुचाक्या अडकल्या आहेत.

जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेलं की लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान लागतं. दहा बाय बाराची खोली, तीन टेबलं. खिडकीजवळचं टेबल ताईचं. दुकानात सगळे तिला ताईच म्हणतात, मालकसुद्धा. मालकांना सगळे काका म्हणतात. तिसरा एक हरकाम्या पोरगा आहे. सामान आणतो, झाडतो आणि बघून बघून शिकतो.

ताई धायरीहून बसने येते. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते, चष्मा पुसते आणि मनगटाला पट्टा बांधते. पट्ट्याची तार अर्थिंगला जोडलेली आहे, कारण अंगातल्या स्थिर विजेने नाजूक चिप मरू शकते. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. या टेबलावर नऊ वर्षं झाली. पगार बावीस हजार, रविवारी सुट्टी.

भिंतीवर पाटी आहे : चेकिंग चार्ज ३०० रु. दुरुस्ती केल्यास माफ.

सकाळी ९.५५

पहिल्या ट्रेमध्ये काल संध्याकाळी आलेला लॅपटॉप. चिठ्ठीवर काकांचं अक्षर : ‘फार स्लो. चार्जिंग कधी होतं, कधी नाही. लिनक्स.’

लॅपटॉप एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. तो श्रीगोंद्याचा, इथे सदाशिव पेठेत खोली घेऊन राहतो. कंपन्यांनी वापरून काढलेल्या मालातून साडेसतरा हजाराला घेतलेला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८२५० यू. चार कोअर, आठ थ्रेड. २०१७ मध्ये आलेला प्रोसेसर. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, बूस्टमध्ये ३.४ पर्यंत.

ताई विद्यार्थ्याला फोन लावते. “नक्की काय होतं रे?”

तो सांगतो. त्याचा एक प्रोजेक्ट आहे. मित्राच्या अशाच लॅपटॉपवर तो सात मिनिटांत बिल्ड होतो, याच्यावर चाळीस मिनिटं लागतात. वेग बघितला तर चारशे मेगाहर्ट्झ. कधीकधी सुरुवातीला पळतो, मग बसतो. चार्जरवर संशय आला म्हणून पंधराशेचा नवा चार्जर आणला. फरक पडला नाही. मग मित्रांनी सुचवलेल्या सेटिंग बदलल्या. कोणत्या, ते सगळं आता आठवत नाही.

“बरं. पासवर्ड सांग.”

टेबलावर शंभर पानी वही आहे. ताई नवीन पान काढते, तारीख टाकते आणि तीन रकाने आखते : काय बदललं, वेग, तापमान. दिवसभर शेजारी बसून बघणाऱ्या मला ही सवय फार आवडली. मोजायच्या आधीच तिने मोजमाप ठेवायची जागा केली.

सकाळी १०.१०

आधी बायोस. मशीन सुरू होताना एफ-टू दाबून ती आत शिरते. चार्जरची नोंद बघते : ६५ वॅट. म्हणजे लॅपटॉपने चार्जर ओळखलाय. बूस्टची खूणही चालू आहे.

“चार्जर ठीक,” ती वहीत लिहिते आणि पुढे जाते.

मग उबंटू सुरू होतो. काळी खिडकी उघडून ती प्रोसेसरची माहिती मागवते. कमाल ३४००, किमान ४०० असं दिसायला हवं. इथे कमाल आकडा भलताच आहे, १८०१.

पोरगा खांद्यावरून बघतो. “ताई, बूस्ट उडाला का?”

“नाही. ड्रायव्हर बदललाय याने.”

इंटेलच्या प्रोसेसरला लिनक्समध्ये एरवी इंटेल पी-स्टेट नावाचा ड्रायव्हर हाताळतो. तो बूस्टचा खरा आकडा दाखवतो. विद्यार्थ्याने बूटच्या ओळीत एक शब्द टाकून तो बंद केला होता. मग जुना ड्रायव्हर कामाला लागला. तो बूस्टचा आकडा दाखवत नाही. यादीतला वरचा वेग एक मेगाहर्ट्झने वाढवून दाखवतो, तीच बूस्टची खूण. १८०१ मधला शेवटचा एक म्हणजे बूस्ट आहे. माहीत नसलेल्याला वाटतं, बूस्ट गेला.

ती बूटची ओळ असलेली ग्रबची फाइल उघडते, तो शब्द काढते, अपडेट करते. रीस्टार्ट. कमाल ३४०० दिसू लागतो. वहीत पहिली ओळ येते.

सकाळी १०.४५

आता सॉफ्टवेअरच्या बाकीच्या कळा. ताईचा क्रम ठरलेला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की मोजायचं, आणि फरक पडला नाही तर ती परत जागेवर ठेवायची.

‘नो टर्बो’ नावाची एक फाइल असते. तिच्यात शून्य असेल तर बूस्टला परवानगी आणि एक असेल तर बंदी. नाव नकारार्थी असल्यामुळे इथे पुष्कळजण उलटं करून ठेवतात. इथे शून्य आहे. ठीक.

गव्हर्नर, म्हणजे वेग ठरवणारी सेटिंग, ‘परफॉर्मन्स’वर आहे. तोही विद्यार्थ्याने बदललेला. ताई तो ‘पॉवरसेव्ह’वर परत आणते. पोरगा दचकतो. ती सांगते, या ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे कायम हळू चालणं नव्हे. काम आलं की प्रोसेसर वर जातो, काम संपलं की खाली येतो. नावावरून घाबरायचं नाही, आकडा बघायचा.

पॉवर प्रोफाइल ‘बॅलन्स्ड’. थर्मलडी ही तापमानावर लक्ष ठेवणारी सेवा विद्यार्थ्याने बंद केली होती, ती पुन्हा सुरू होते. दोन वेगवेगळे बॅटरी वाचवणारे प्रोग्रॅम एकत्र होते, दोघंही एकाच कळेवर हात ठेवून. एक काढला.

आता सगळं कारखान्यातून आल्यासारखं. ती आठही थ्रेडवर ओझं टाकते. शेजारच्या खिडकीत वेग दाखवणारा टर्बोस्टॅट, दर दोन सेकंदांनी नवी ओळ. वेग २९००. मग ३०००. पोरगा टाळी द्यायला हात पुढे करतो.

ताई लॅपटॉप उचलून स्वतःकडे ओढते. त्याच क्षणी आकडा पडतो.

३९९. ४००. ३९९.

सकाळी ११.२०

आकडा हलत नाही. तापमान ४१ अंश. वीज जेमतेम अडीच वॅट.

ताई थोडा वेळ नुसती बघत बसते. मग बोलते, मला आणि पोराला मिळून. “तापून मंद झाला असता तर तापमान नव्वदच्या वर असतं. हा थंड आहे आणि मंद आहे. याला कोणीतरी बाहेरून थांबवतंय.”

प्रोसेसरला एक पाय असतो, प्रॉकहॉट. प्रोसेसर शंभर अंशाजवळ गेला की त्या पायावर इशारा देतो आणि वेग उतरवतो. पण ही तार दोन्ही बाजूंनी चालते. बोर्डावरच्या दुसऱ्या एखाद्या चिपनेही ती ओढली तरी प्रोसेसर मान खाली घालतो, आणि का ते विचारत नाही. वेग किमान आकड्यावर येतो. इथे तो किमान आकडा चारशे.

ती प्रोसेसरच्या आतलं एक रजिस्टर वाचते, हेक्समध्ये १९सी. उत्तर येतं. त्यातले शेवटचे बिट कागदावर सुटे करते. स्वतःच्या उष्णतेचा बिट शून्य. बाहेरून इशारा आल्याचा बिट एक.

“सापडलं?” पोरगा विचारतो.

“काय होतंय ते सापडलं. कोण करतंय ते नाही.”

सकाळी ११.४५

खालच्या अमृततुल्यातून चहा येतो. तीन कप, छत्तीस रुपये. काकांच्या खात्यावर.

पोराने मोबाइलवर कुठेतरी बघितलंय. “ताई, १एफसी रजिस्टरचा शेवटचा बिट शून्य केला की प्रोसेसर बाहेरचं ऐकतच नाही. दोन मिनिटांचं काम आहे. देऊन टाकू.”

ताई नाही म्हणत नाही, करून दाखवते. सिक्युअर बूट चालू असताना लिनक्स हे रजिस्टर लिहू देत नाही, म्हणून बायोसमध्ये जाऊन ते बंद करते. बिट शून्य करते. ओझं टाकते. वेग उडी मारून तीन हजारावर जातो.

मग ती बिट पुन्हा एक करते. वेग चारशे.

“हे देऊन टाकलं तर तो विद्यार्थी आज खूश होईल,” ती म्हणते. “पण बॅटरी चार्ज व्हायची नाही ती नाहीच. आणि उद्या खरंच बोर्डावर काही तापलं, तर ते सांगणारी तार आपण तोडलेली असेल. मग बोर्ड जाईल. बोर्ड आठ हजाराचा.”

वहीत ती लिहिते : बिट बंद केल्यावर वेग येतो. परत चालू केला.

या कामातला प्रामाणिकपणा इथे दिसतो. ग्राहकाला दोन्ही प्रकारे लॅपटॉप सारखाच वेगवान दिसला असता.

दुपारी १२.१५

लाइट गेली. आज गुरुवार. पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभाल असते, गल्लीला त्याची सवय आहे. खाली जनरेटर सुरू होतात. इथे इन्व्हर्टरवर दोन दिवे, एक पंखा आणि काकांचा बिलाचा संगणक एवढंच चालतं. सोल्डरिंग बंद, हॉट एअर गन बंद.

लॅपटॉपही क्षणात बंद पडला. बॅटरीत तीन टक्केच होते.

ताई रिकामी बसत नाही. लॅपटॉप उलटा करते. खालच्या झाकणाचे आठ स्क्रू. शून्य नंबरचा स्क्रूड्रायव्हर. स्क्रू बिस्किटाच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये जातात, ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमाने. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरच्या बाजूला कीबोर्ड फोडतो. कडेने गिटारची पिक फिरवून झाकण सोडवते. टिक, टिक, टिक.

बॅटरीचा कनेक्टर काढते. बॅटरीला फुगवटा नाही. कपाटात याच मॉडेलचा एक लॅपटॉप पडून आहे, त्याचा बोर्ड मेलेला आहे. त्याची बॅटरी सत्तर टक्के भरलेली. ती इथे बसवते.

चार्जर नाही, लाइट नाही. अर्धवट अंधारात ती मशीन सुरू करते आणि ओझं टाकते.

३१००. ३१००. ३०९५.

टेबलावरची बाकीची यंत्रं थांबली आहेत आणि हा पळतोय. ताई वहीत ओळ लिहिते आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढते : बॅटरीवर ठीक.

दुपारी १.१५

जेवण. ताईच्या डब्यात पोळ्या, शेपूची भाजी, ठेचा. पोराच्या डब्यात भात आणि आमटी. काका घरी जेवून येतात. पेपर पसरून डबे मध्ये ठेवले जातात. ठेचा सगळ्यांच्या वाट्याला येतो.

पोरगा विचार करतोय. “चार्जर लावला की मंद, काढला की वेगात. हे उलटंच झालं.”

“उलटं आहे म्हणूनच कामाचं आहे,” ताई म्हणते.

दुपारी २.१०

लाइट आली. ताई चार्जर लावते. वेग तीन हजार, बॅटरी चार्ज होऊ लागते. ती पिन धरून हळूच डावीकडे दाबते. चारशे. चार्जिंग बंद.

पिन काढून परत लावते. तीन हजार. पुन्हा दाबते. चारशे.

आता दुकानातला तपासणीचा चार्जर. तो नक्की चांगला आहे, रोज दहा मशीनना लागतो. लावला, दाबला. चारशे.

“चार्जर निर्दोष,” ती म्हणते. विद्यार्थ्याचे पंधराशे रुपये तिथे टेबलावर गुंडाळून पडलेले आहेत.

मग ती मला चार्जरची पिन दाखवते. गोल नळी. बाहेरचा पत्रा एक, आतला पत्रा दुसरा. या दोहोंतून वीज जाते, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. मधोमध सुईसारखी एक बारीक पिन. तिच्यातून वीज जात नाही, माहिती जाते. चार्जरच्या आत एक छोटी चिप असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं, मी किती वॅटचा. लॅपटॉप त्या सुईवरून ते वाचतो. वाचता आलं नाही तर त्याला कळत नाही की या चार्जरकडून किती ओढावं. मग तो जपून वागतो. बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरची तार ओढून धरतो. सगळ्या कंपन्यांची ही पद्धत नाही, पण या मॉडेलची आहे.

सुरू होताना पिन नीट बसलेली असेल तर बायोस ६५ वॅट दाखवतो. नंतर मांडीवर लॅपटॉप हलला की संपर्क तुटतो.

दुपारी २.४०

उरला जॅक. चार्जरची पिन लॅपटॉपमध्ये जिथे शिरते तो भाग. या मॉडेलमध्ये तो बोर्डावर सोल्डर केलेला नाही. वेगळा सुटा तुकडा आहे, त्याला चार इंचाच्या वायरी आणि टोकाला कनेक्टर. ताई तो काढून मॅटवर ठेवते.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर. एक टोक मधल्या सुईच्या जागी, दुसरं कनेक्टरच्या पायावर. बीप वाजतो. ती चिमट्याने वायर हलवते. बीप तुटतो. हलवते, वाजतो. हलवते, तुटतो.

बारीक वायर जॅकच्या मुळाशी आतून तुटलेली आहे. वरचं प्लॅस्टिकचं आवरण शाबूत, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. आतले केसासारखे तांब्याचे धागे कधी एकमेकांना टेकतात, कधी नाही.

पोराला ती जॅक देते. “नवा आणायला हाच घेऊन जा. कनेक्टर मोजून बघ. वायरची लांबी बघ.”

दुपारी ३.२०

पोरगा अजून आलेला नाही. जिन्यावरून एक गृहस्थ येतात. नारायण पेठेत त्यांचं छपाईचं काम आहे. लॅपटॉपवर लिनक्स मिंट, एएमडीचा रायझन फाइव्ह ३५०० यू. बूस्टमध्ये ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत जायला हवा, पण २.१ च्या वर सरकत नाही. पानं लावताना मशीन अडखळतं. लग्नाच्या पत्रिका अडल्या आहेत.

ताई उभ्याउभ्याच बघते. एएमडीच्या मशीनमध्ये ‘बूस्ट’ नावाची एक फाइल असते. हिचा अर्थ सरळ आहे. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. इथे शून्य. ती एक करते आणि मशीन रीस्टार्ट करते. पुन्हा शून्य. म्हणजे कोणीतरी दर वेळी शून्य लिहितंय. बॅटरी वाचवणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल उघडते. चार्जरवर असताना बूस्ट बंद, अशी ओळ आहे. ओळ बदलते. रीस्टार्ट. एक. वेग ३.६.

एकूण दहा मिनिटं.

“किती द्यायचे?” गृहस्थ विचारतात.

“चेकिंगचे तीनशे,” काका म्हणतात.

“अहो, काही बदललं का आत? एक स्क्रू तरी उघडला का?”

“काही बदलावं लागलं नाही,” ताई शांतपणे सांगते. “कुठे बघायचं ते माहीत होतं. नाहीतर तुम्हाला कोणी रॅम टाकायला लावली असती.”

गृहस्थ थोडे घुटमळतात. काका दोनशेवर मिटवतात. जाताना ते कोणती ओळ बदलली ते कागदावर लिहून मागतात. ताई लिहून देते.

दुपारी ४.००

पोरगा धापा टाकत येतो. पहिल्या दुकानातल्या जॅकची वायर आखूड होती. दुसऱ्याने पाचशे सांगितले. तिसऱ्याकडे मिळाला, साडेतीनशेला.

ताई आधी मीटर लावते. नवा आहे म्हणून चांगला असेल असं ती धरून चालत नाही. बीप अखंड वाजतो, वायर कशीही हलवली तरी. मग जॅक बसतो, दोन स्क्रू, कनेक्टर. वायर जुन्याच खाचेतून नेते, झाकणाखाली चिमटायला नको.

चार्जर लावते, पिन दाबते, ओढते, फिरवते. लॅपटॉप उचलते आणि ठेवते. वेग तीन हजाराच्या आसपास. चारशे येत नाही.

पोराला वाटतं झालं. ताईने अजून हात पुसलेले नाहीत.

दुपारी ४.३०

ओझं चालूच ठेवलंय. अर्ध्या मिनिटात तापमान ९७. वेग घसरतो. २६००, २०००, १५००. वीज अकरा वॅट.

हा दुसरा आजार, पहिल्याच्या खाली लपलेला. चारशेवर असताना प्रोसेसर तापतच नव्हता, म्हणून दिसला नाही.

“हा प्रोसेसर पंधरा वॅटचा,” ताई समजावते. “काम आलं की थोडा वेळ जास्त ओढू देतात, साधारण अठ्ठावीस सेकंद. मग पंधरावर आणून ठेवतात. हा पंधरालासुद्धा पोचत नाही, त्याआधीच तापतो. उष्णता बाहेर जात नाही.”

ती पंखा सोडवते. पंख्याच्या मागे तांब्याच्या पात्यांची जाळी. पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीचा थर साचलाय, जाड, करडा, गोधडीच्या तुकड्यासारखा. चिमट्याने ओढला तर अख्खा सुटून येतो. गॅलरीत नेऊन ब्लोअर मारते. पंखा बोटाने धरून ठेवते, वाऱ्याने भलत्या वेगात फिरला तर खराब होतो.

संध्याकाळी ५.००

हीटसिंकचे स्क्रू. त्यावर एक ते चार आकडे कोरलेले आहेत. उलट्या क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा सैल करत. एकदम एका बाजूने काढला तर चिपच्या काचेसारख्या कडेवर भार येतो आणि टवका उडतो.

खाली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान साफ करायच्या काड्या. आठ काड्या काळ्या होतात. मग चिप आरशासारखी चकाकते. नवी पेस्ट चार ग्रॅमची ट्यूब, साडेतीनशे रुपये. एका मशीनला फार थोडी लागते. ती प्लॅस्टिकच्या तुकड्याने पातळ पसरते. हीटसिंक ठेवते. एक, दोन, तीन, चार, थोडं थोडं आवळत.

ताईची मान दुखते. ती उठून खिडकीत उभी राहते, खांदे फिरवते. खाली गल्लीत आता चालायला जागा नाही. पाच मिनिटांनी परत बसते.

संध्याकाळी ५.४५

विद्यार्थ्याची स्वतःची बॅटरी परत बसते. झाकण, आठ स्क्रू, ट्रेमधल्या क्रमाने. बायोसमध्ये सिक्युअर बूट पुन्हा चालू. चार्जर ६५ वॅट.

आता खरी परीक्षा, अर्धा तास आठही थ्रेडवर ओझं. सुरुवातीला ३१००, तापमान ८६. अर्ध्या मिनिटाने वीज पंधरा वॅटवर येते आणि वेग २३०० वर स्थिर होतो. तापमान ७३. तिथेच राहतो. पाच मिनिटं, दहा, वीस.

एकाच थ्रेडवर काम टाकलं की ३४००.

“२३०० कमी नाही का?” पोरगा विचारतो.

“आठही थ्रेड सतत राबत असताना पंधरा वॅटमध्ये इतकाच मिळणार. ३.४ हा थोड्या कामाचा, थोड्या वेळाचा वेग. खोक्यावर तोच छापतात.”

बॅटरी आता ३८ टक्के. वाढते आहे.

संध्याकाळी ६.५०

विद्यार्थी येतो. पाठीवर सॅक, हातात हेल्मेट. ताई त्याला खुर्ची देते. “आधी तुझा प्रोजेक्ट चालव.”

तो बिल्ड सुरू करतो. आम्ही सगळे बघतो. काका बिलबुक घेऊन येतात आणि तेही बघत उभे राहतात. सात मिनिटं दहा सेकंद.

विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटतो. महिनाभर तो रात्री जागून चाळीस चाळीस मिनिटं वाट बघत होता. कोडमध्ये एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा चाळीस.

ताई त्याला तुटका जॅक हातात देते, वायर हलवून मीटरचा बीप ऐकवते. मग वहीचं पान दाखवते. तो प्रत्येक ओळ वाचतो.

“म्हणजे चार्जर चांगलाच होता. जुनासुद्धा.”

“दोन्ही चांगले.”

काका हिशोब करतात. जॅक ३५०, बसवणं २५०, साफसफाई आणि पेस्ट ४५०. एकूण १०५०. चेकिंग माफ.

ताई मान वर करते. “काका, आज बसवायला अर्धा तास गेला. शोधायला पाच.”

“पाटी आपणच लावलीय ना,” काका म्हणतात. थोडं थांबतात. मग विद्यार्थ्याला विचारतात, “तो नवा चार्जर विकायचाय का? दुकानदार परत घेणार नाही. मी आठशे देतो. टेबलावर लागतोच.”

विद्यार्थी लगेच हो म्हणतो. जुना चार्जर सॅकमध्ये जातो, नवा भिंतीवरच्या खिळ्याला. तो अडीचशे रुपये देतो, स्कॅन करून.

संध्याकाळी ७.२०

जाण्याआधी ताई त्याला तीन गोष्टी सांगते. पिन लावलेली असताना लॅपटॉप उचलायचा नाही. गादीवर ठेवून बिल्ड चालवायचं नाही, खालची हवा बंद होते. वेग पडलाच तर आधी तापमान बघायचं. तापमान चढलेलं असेल तर धूळ, थंड असेल तर इथे घेऊन यायचं. तोवर एकही सेटिंग बदलायची नाही.

“जाळी वर्षातून एकदा साफ करून जा. दीडशे रुपये.”

तो जिना उतरतो. ताई पट्टा सोडते, मनगटावर वळ उमटलाय. उद्याच्या ट्रेमध्ये दोन मशीन वाट बघतायत, एक पाणी सांडलेलं, एक बिजागरी तुटलेली. धायरीची बस पकडायची आहे. तरी ती पाच मिनिटं बसते आणि आजच्या पानाच्या तळाशी स्वच्छ अक्षरात लिहिते, दुकानातल्या पोराला वाचता येईल असं :

‘थंड आणि मंद : बायोसने ६५ वॅट दाखवले तरी पिन हलवून बघणे. चार्जर बदलायच्या आधी जॅकची मधली वायर मीटरवर तपासणे. वेळ वीस मिनिटं.’